भालचंद्ररावांचा फ्री प्ले

गाडी चालवायला शिकायचं तर आधी ती थांबते कशी हे समजलं पाहिजे, असा भालचंद्ररावांचा दंडक होता. ऐकायला तो बरा वाटतो. पण थांबण्याचा हा धडा होळीच्या सुमारास सुरू झाला तो सप्टेंबरातली विश्वकर्मा पूजा तोंडावर आली तरी संपायचं नाव घेत नव्हता, आणि त्यांची विद्यार्थिनी, म्हणजे त्यांची बायको मंदाकिनी, अजून बंद इंजिनाच्या गाडीतच बसत होती.

भालचंद्रराव जन्माने कोलकात्याचे. त्यांच्या आजोबांनी नोकरीसाठी इथे बिऱ्हाड केलं आणि नेमकं बागबाजारात केलं. मराठ्यांना शहराबाहेर ठेवायला कोणे एके काळी जिथून खंदक खणायला घेतला होता, तिथेच तीन पिढ्या एक मराठी कुटुंब सुखाने वरण-भात खात होतं. स्वतः भालचंद्रराव हावड्याच्या एका वजनकाट्यांच्या कारखान्यातून तपासणी अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. घरात आलेलं आंबट दहीसुद्धा ते आधी तपासून घ्यायचे.

दर रविवारी सकाळी गल्लीतल्या भाड्याच्या गॅरेजमध्ये शिकवणी भरायची. मंदाकिनी चालकाच्या सीटवर वाकून बसायची आणि भालचंद्रराव उघड्या दाराशी उकिडवे बसून हातात स्टीलची पट्टी धरायचे.

"पेडल दाबलं की ब्रेक लागतो, असं तुला वाटतं ना?" ते विचारायचे.

"हो," मंदाकिनी म्हणायची. खरं तर तिला आता तसं अजिबात वाटत नव्हतं, पण 'नाही' म्हटलं की धड्याची सुरुवात चुकायची आणि ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

"तिथेच चुकतं! आधी थोडं अंतर पेडल नुसतंच खाली जातं. त्याने आत काहीच होत नाही. ते अंतर म्हणजे फ्री प्ले. हा जास्त झाला तर ब्रेक उशिरा लागणार. समोर म्हातारं माणूस आलं तर तू पाय दाबतेस, दाबतेस, आणि गाडी आपली चाललीच आहे! बरं, म्हणून तो पार काढून टाकावा तर पाय उचलला तरी ब्रेक चाकांना धरूनच बसणार. चाकं तापणार, जळका वास येणार, आणि तापता तापता ऐन वेळी ब्रेक दगा देणार. तेव्हा थोडा हवा. मोजका हवा. दाब बघू हाताने. हळू! लाटणं नाही फिरवायचं. हाताला जड लागलं की थांब."

मंदाकिनी बोटांनी पेडल दाबायची, जड लागलं की थांबायची, आणि भालचंद्रराव पट्टीवर नाक टेकवून आकडा वाचायचे. बहुतेक पाच मिलिमीटर भरायचे. मग ते अशा चेहऱ्याने उठायचे की जणू ती गाडी त्यांनीच घडवली आहे.

गाडीच्या पुस्तकात या मोजणीच्या आधी आणखी एक पायरी होती. इंजिन बंद केल्यावर पेडल चार-पाचदा पुरतं दाबायचं, कारण ब्रेकच्या बूस्टरमध्ये इंजिनाने तयार केलेला व्हॅक्यूम शिल्लक असतो. तो पेडलला आतून मदत करतो, आणि मदत मिळालेलं पेडल असतं त्याहून ढिलं वाटतं. ही पायरी भालचंद्ररावांनी विचारपूर्वक गाळली होती. "ती रोज गाडी काढणाऱ्यांसाठी," ते सांगायचे. "आपली गाडी रविवार ते रविवार उभी. तिच्यात व्हॅक्यूम राहणार कुठून? उगाच पेडल दाबदाबून आतले रबर झिजवायचे!"

मोजणी झाली की ते स्वतः चालकाच्या जागी बसायचे, मंदाकिनीला मागे बसवायचे, कारण शेजारी बसून ती त्यांना बोलण्यात गुंतवते, आणि नदीच्या घाटापर्यंत जाऊन परत यायचे. झाली आठवड्याची सैर.

मंदाकिनीने चैत्र सोसला, वैशाख सोसला. ज्येष्ठात तिने श्यामबाजारच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि भालचंद्ररावांना ताकास तूर लागू दिली नाही. तिथल्या मास्तरांनी तिला पहिल्याच दिवशी चालकाच्या जागी बसवून गाडी सुरू करायला लावली. फ्री प्लेचं नावसुद्धा काढलं नाही. आषाढ संपता संपता ती लायसन्स घेऊन घरी आली आणि ते तिने डाळीच्या डब्यामागे ठेवलं. भालचंद्ररावांची तपासणी दह्यापर्यंत होती, डाळीपर्यंत नव्हती.

त्यानंतर भालचंद्रराव महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाच्या तालमीला गेले, की इकडे गॅरेजचं शटर वर जायचं. साऱ्या पाड्याला, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याला, हे ठाऊक होतं. मिठाईवाला रस्त्यावरचं स्टूल उचलून वाट करून द्यायचा. खालच्या मजल्यावरचे घोषबाबू गॅलरीतून दोन्ही हातांनी "आशून, आशून बौदी", म्हणजे या, या वहिनी, करत तिला मागे यायला मदत करायचे. ठाऊक नव्हतं ते एकट्या भालचंद्ररावांना. पेट्रोल ती स्वतः भरायची, जरा सढळ हातानेच भरायची, त्यामुळे काटा फारसा खाली येत नसे आणि मंडळात भालचंद्रराव छाती काढून सांगायचे, "आमच्या गाडीसारखं ॲव्हरेज अख्ख्या कोलकात्यात कुणाची गाडी देत नाही."

हे सगळं कशासाठी? तर सुनीतीसाठी. सुनीती मंदाकिनीची थोरली बहीण, नागपूरची. आधी स्कूटर, मग मोटार, उभा जन्म तिने स्वतः चालवत काढला होता. कोलकात्याला आली की ती तक्रारीच्या सुरात नव्हे, अगदी मायेने म्हणायची, "आमची मंदा म्हणजे मागच्या सीटवरची राणी." या खेपेला फोनवर तिने तेच म्हटलं, तेव्हा मंदाकिनी बोलून गेली, "ताई, तुला घ्यायला हावड्याला मी येईन. गाडी चालवत." त्यावर सुनीती हसली. बराच वेळ हसली. ते हसणं मंदाकिनीच्या मनातून गेलं नाही. तिला आता जगात एकच गोष्ट हवी होती, हावडा स्टेशनच्या बाहेर स्टिअरिंगवर बसलेल्या आपल्याला पाहून ताईचा चेहरा कसा होतो ते बघायची.

बेतही पक्का होता. निघायच्या वेळी भालचंद्ररावांसमोर लायसन्स ठेवायचं, ते बोलायला तोंड उघडेपर्यंत किल्ली फिरवायची आणि निघायचं.

सुनीतीची आगगाडी नेमकी विश्वकर्मा पूजेच्या दिवशी दुपारी येणार होती. सकाळी सगळा बागबाजार पतंगांनी भरून गेला होता. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये हत्तीवर बसलेल्या विश्वकर्म्यासमोर पाने, हातोडे, जॅक अशी झाडून सगळी हत्यारं मांडली होती, आणि आजच्या दिवशी त्यांना कुणी हात लावणार नव्हतं. मंदाकिनीच्या घरीही आजेसासऱ्यांपासून तीच रीत होती. तिने भालचंद्ररावांची हत्यारांची पेटी देवासमोर ठेवून हळद-कुंकू वाहिलं. मग भालचंद्रराव तालमीला गेले आणि ती शेवटची रंगीत तालीम म्हणून एकटीच गाडी घेऊन निघाली. बागबाजार ते हावडा, पुलावरून पलीकडे, स्टेशनला वळसा, आणि परत. पुलावर एका बसने तिच्या कानाशी असा भोंगा वाजवला की दातसुद्धा थरथरले, पण तिने लेन सोडली नाही. गॅरेजमध्ये गाडी लावली तेव्हा तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं. तिने म्हटलंही, शटर ओढल्यावर.

पुऱ्या तळून होत आल्या तेव्हा भालचंद्रराव धापा टाकत वर आले. हात काळे, कपाळाला ग्रीस, आणि डोळ्यांत विजय.

"वाचलो, मंदा!" ते म्हणाले. "तालमीवरून थेट गॅरेजमध्ये गेलो. म्हटलं, आज लांब जायचंय, मोजून घ्यावं. तर फ्री प्ले किती निघावा? पंधरा! पाचाचे पंधरा! असाच निघालो असतो तर पुलावर आपलं काय झालं असतं सांग."

"मग?"

"मग काय! कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेलो, तर तो म्हणे आज पान्याला हात लावणार नाही, उद्या या. शेवटी वर येऊन, तू पुऱ्यांत असताना, आपली पेटी देवासमोरून उचलली, नमस्कार केला आणि पेडलमागचा दांडा स्वतः पिळून घेतला. परत मोजलं. बरोब्बर पाच! चल, पान वाढ, जेवून लगेच निघू."

मंदाकिनीच्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला. गेल्या रविवारी पाच होते. पंधरा एका आठवड्यात होत नाहीत. गाडी आठवडाभर उभी असती तर झालेच नसते. पण गाडी उभी नव्हती. तासाभरापूर्वीच ती हावड्याहून आली होती, बूस्टर व्हॅक्यूमने गच्च भरलेला होता, आणि ते पंधरा मिलिमीटर गाडीचे नव्हते, तिच्या चोरीचे होते. भालचंद्ररावांनी त्या खोट्या मापावरून दांडा पिळला होता. म्हणजे खरा फ्री प्ले आता शून्य.

"अहो," ती म्हणाली, "टॅक्सीने जाऊ या का?"

"गाडी ठणठणीत केली आणि टॅक्सी?"

"मग लाँचने. घाटावरून थेट हावडा. घोषबाबू नेहमी जातात."

"सुनीतीताईंच्या तीन बॅगा आणि लाँच? काहीतरीच तुझं!"

जेवताना तिने पुन्हा प्रयत्न केला. "एकदा पुस्तकात लिहिल्यासारखं करू. आधी पेडल पाच वेळा दाबायचं, मग मोजायचं."

भालचंद्ररावांनी पुरीचा घास खाली ठेवला. विद्यार्थिनीने शंका काढली याचा त्यांना आनंदच झाला होता. "का? ती पायरी कशासाठी आहे?"

"व्हॅक्यूम घालवायला."

"शाब्बास. आणि आठवडाभर उभ्या गाडीत व्हॅक्यूम असतो का?"

"नसतो."

"मग? कशाच्या आधारावर म्हणतेस? आधार दे, मी आत्ता खाली येऊन मोजतो."

आधार तिच्याकडे होता, पण तो दिला की सगळंच संपलं. आता सांगितलं तर ते रागावणार, किल्ली स्वतःच्या खिशात घालणार, आणि ती पुन्हा मागच्या सीटवर. ताईला काय सांगायचं? चार महिने ज्यासाठी जपलं ते पुरीच्या एका घासापायी घालवायचं? तिने मनाला समजावलं, आपण किल्ली घेऊच ना, मग आपण सावकाश नेऊ. पण ब्रेकच चाकांना धरून बसला तर सावकाश न्यायलासुद्धा काय उरतं? आणि किल्ली भालचंद्ररावांनी दिलीच नाही तर तेच जाणार. पुलाच्या मध्यावर, मागे बसगाड्यांची रांग, आणि तापलेल्या ब्रेकवर सत्तरीतला आपला माणूस. त्या विचारासरशी तिचे डोळे भरून आले. या माणसावर आपलं प्रेम आहे हे तिला अधूनमधून असं अवेळीच आठवायचं.

"काय झालं? मिरची लागली?" भालचंद्ररावांनी पाण्याचं भांडं पुढे केलं.

"आज सकाळी गाडी मी चालवली," मंदाकिनी म्हणाली.

"कोणती?"

"आपली. हावड्यापर्यंत. म्हणून व्हॅक्यूम होता. म्हणून पंधरा." आणि डाळीच्या डब्यामागून लायसन्स काढून तिने त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

भालचंद्ररावांनी लायसन्स उचललं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, उजेडाकडे धरून पाहिलं.

"कधीपासून?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आषाढापासून. तुम्ही तालमीला गेलात की."

"आणि पेट्रोल?"

"मीच भरायचे."

"म्हणजे ते ॲव्हरेज..." त्यांनी लायसन्स ताटाशेजारी परत ठेवलं. लायसन्सपेक्षा हा घाव त्यांना खोल लागला असावा.

मग मात्र ते उठले. हात धुतले, पट्टी घेतली आणि जिना उतरले. मंदाकिनी मागोमाग. गॅरेजमध्ये त्यांनी वाकून पेडल पाच वेळा पुरतं दाबलं. प्रत्येक वेळी ते जास्त जड होत गेलं, ते तिला त्यांच्या खांद्यावरून दिसत होतं. मग त्यांनी एक बोट पेडलवर टेकवलं. पेडल जागचं हललं नाही. त्यांनी दोन बोटं लावली. हललं नाही. पट्टी लावण्याची गरजच उरली नव्हती.

"शून्य," ते पुटपुटले आणि गॅरेजच्या पायरीवर बसले. "मंदा, मी आपल्याला पुलावर घालवलं असतं गं."

"मीच नाही का घालवलं असतं? मी बोलले नसते तर?" ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली. थोडा वेळ दोघंही आळीपाळीने स्वतःला दोष देत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशी चढाओढ त्यांच्यात पहिल्यांदाच लागली होती.

भालचंद्रराव मग पुन्हा कामाला लागले. डोकं आणि खांदे पेडलच्या वर, डॅशबोर्डखाली गेले, पाय गॅरेजच्या जमिनीवर राहिले. मंदाकिनी उजेडासाठी बॅटरी धरून उभी होती. हळद-कुंकू लागलेला पाना आतून कुरकुरत होता.

"रागावलात?" तिने त्यांच्या पायांना विचारलं.

"हो."

पाना थांबला. मग आतून आवाज आला, नेहमीपेक्षा बराच लहान.

"मंदा, मी हावड्याच्या पुलावरून गाडी नेली त्याला किती वर्षं झाली, तुला आठवतं?"

तिला आठवेना. घाट आणि परत, घाट आणि परत, एवढंच आठवलं.

"मोतीबिंदूच्या आधीची गोष्ट. आता भीती वाटते. बसगाड्या अंगावर येतात असं वाटतं, पाय थरथरतो. तुला शिकवलं असतं तर तू पहिल्या दिवशी म्हणाली असतीस, चला हावड्याला. मग मला सांगावं लागलं असतं. म्हणून तो धडा मी संपवत नव्हतो. आज पंधरा निघाले ना, तेव्हा काळजी वाटली, पण त्याच्याआधी बरं वाटलं. वाटलं, गाडीच नादुरुस्त आहे, आता जायला नको. पण ताईंना काय सांगणार होतो? म्हणून पिळला दांडा."

मंदाकिनी सहा महिने समजत होती की या माणसाचा आपल्यावर विश्वास नाही. तिला एकदम हसू आलं आणि रडूही आलं, आणि बॅटरी हलल्यामुळे आतून ओरड आली, "उजेड नीट धर!"

"धरलाय," ती म्हणाली. "मला आधी सांगायचं होतंत ना हो."

"तू सांगितलंस?"

भालचंद्रराव बाहेर आले. पेडल पुन्हा पाच वेळा दाबलं, पट्टी लावली, तिला दाबायला सांगितलं, आकडा तिच्याकडूनच वाचून घेतला. पाच. मग गाडी न्यूट्रलमध्ये टाकून दोघांनी ढकलून पाहिली. ती अडखळली नाही, मुकाट्याने पुढे सरकली. भालचंद्ररावांनी किल्ली खिशातून काढली, फडक्याला पुसली आणि बायकोच्या हातावर ठेवली.

घोषबाबू गॅलरीत होतेच. भालचंद्ररावांना शेजारच्या सीटवर बसलेलं पाहून त्यांच्या तोंडचा चहा गळ्यात अडकला. "दादा जेने गेछे!" दादांना कळलं, असं ते आत ओरडले, आणि आतून आणखी दोन डोकी बाहेर आली.

पुलापर्यंत भालचंद्रराव एकसारखे बोलत होते. डावीकडे रिक्षा, उजवीकडे हातगाडी, सिग्नल पिवळा झाला. पूल लागला. त्यांनी दोन्ही हातांनी सीट पकडली होती. मागून बसने भोंगा दिला, मंदाकिनीने लेन सोडली नाही. पुलाचा मध्य आला तेव्हा तिने हळूच पाहिलं. भालचंद्रराव मान वळवून नदीकडे बघत होते.

"केवढी रुंद आहे गं," ते म्हणाले. "चालवताना कधी बघताच आलं नाही."

सुनीती स्टेशनबाहेर तीन बॅगांच्या मध्ये उभी होती. तिला गाडी ओळखू आली, तसा तिने हात हलवला. बॅगा डिकीत गेल्यावर सवयीने ती मागचं दार उघडून म्हणाली, "मंदे, कुठे आहेस? सरक आत."

मागची सीट रिकामी होती. भालचंद्ररावांनी ते दार तिच्या हातून घेतलं आणि स्वतः आत बसले. "सुनीतीताई, तुम्ही पुढे बसा. मालकीणबाईंच्या शेजारी."

सुनीतीने वाकून स्टिअरिंगकडे पाहिलं. तिथे मंदाकिनी होती. ज्या क्षणासाठी तिने उन्हाळा-पावसाळा एक केला तो क्षण हा होता, ताईचं तोंड चांगलं वीतभर उघडलंही असेल. पण मंदाकिनीने ते नीटसं पाहिलं नाही, कारण तिची नजर समोरच्या आरशात गेली होती. आरशात भालचंद्रराव पुढे झुकून, छाती काढून, मेव्हणीला सांगत होते.

"आजची ही दुसरी फेरी आहे तिची, कळलं का? सकाळी एकटी येऊन गेली. पुलावरून! मला न विचारता!"